दोन तासांची लाळ

डॉक्टर मुजावरांनी टेबलावर तीन डबे ओळीने मांडले. पहिल्यात स्टीलच्या क्लिपा आणि तार होती. दुसऱ्यात तशाच क्लिपा, पण दाताच्या रंगाच्या. तिसऱ्यात काचेसारखं पारदर्शक काहीतरी होतं, दातांवरून पातळ प्लास्टिकचा साचा काढून घ्यावा तसं.

खुर्चीत मैथिली बसली होती. माझ्या धाकट्या भावाची, संपतची मुलगी. वय तेरा, इयत्ता आठवी. तिचे वरचे दात इतके पुढे होते की ओठ मिटायचे नाहीत, आणि खालचे दात टाळूला टोचायचे. वर्गातली मुलं तिला काय काय म्हणत ते ती घरी सांगत नसे. मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे मला न सांगताही कळत होतं.

"तिन्हींनी दात सरकतात. वेळही साधारण सारखाच, दोन वर्षं," डॉक्टर म्हणाल्या.

"हाडातला दात सरकतो कसा?" मैथिलीने मलाच विचारलं. तशी तिला सवय होती.

"दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो," मी म्हटलं. "हाड आणि दात यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादी असते. दाताला एका बाजूने हळू दाबत राहिलं की पुढच्या बाजूचं हाड थोडं विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरतं. दात जागा सोडतो, पण सुटत नाही."

"बाई, तुम्हीच चालवा दवाखाना," डॉक्टर हसल्या. मग संपतकडे वळून म्हणाल्या, "आता पैशाचं. तुमच्या कारखान्याची जी विमा पॉलिसी आहे, ती तारांना एक रुपयाही देत नाही. अलायनरला, म्हणजे या पारदर्शक साच्याला, पूर्ण देते."

संपत विट्याजवळ पवनचक्क्यांची पाती बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होता. पॉलिसीत आम्ही चौघं होतो. तो, त्याची बायको रोहिणी, मैथिली, आणि निवृत्तीनंतर त्याच्याकडे राहायला आलेली मी.

"महागाला देतात आणि स्वस्ताला देत नाहीत?" संपतने विचारलं.

"तार मुकी असते. अलायनर बोलतो."

त्यांनी तो साचा उजेडात धरला. आतल्या कडेला केसाएवढी सोनेरी रेघ होती. ती रेघ लाळ वाचत होती.

ही गोष्ट नीट समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लाळ म्हणजे नुसतं पाणी नसतं. रक्तातलं बरंच काही गाळून लाळेत येतं. शिवाय गालाच्या आतली कातडी रोज झडते, त्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतले जनुकांचे निरोप लाळेत तरंगत राहतात. पेशी निरोगी असेल तर निरोप एक, बिघडू लागली असेल तर निरोप वेगळा. डोळ्यांना काही दिसायच्या कितीतरी महिने आधी हा निरोप येतो. त्या सोनेरी रेघेवर गळासारखे दोनशे सूक्ष्म आकडे होते. प्रत्येक आकडा एकाच प्रकारचा निरोप पकडायचा. किती पकडले त्याची मोजणी फोनवर जायची आणि फोनवरून विमा कंपनीकडे.

"आजार आधी कळला तर कंपनीचे पैसे वाचतात," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून ते साचा फुकट देतात. अट एकच. दिवसाचे बावीस तास तोंडात हवा. महिन्यात सहा दिवस तास कमी भरले तर पुढचे साचे बंद."

संपतने मैथिलीकडे पाहिलं. तिने पारदर्शक डब्यावर बोट ठेवलं.

*

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. मैथिली कबड्डी खेळायची. चढाईला जाताना एका दमात स्पष्ट "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहावं लागतं, आणि साच्यामुळे तोंडात लाळ साचून तिचा दम तुटायचा. शिवाय घोरपडे सरांनी सांगून टाकलं, तोंडात टणक काही घालून मैदानात यायचं नाही, टक्कर झाली तर जीभ जाईल. सराव रोज पाच ते सात. जेवणाखाण्याचा दीड तास धरला तर दिवसाचे वीस-साडेवीस तासच भरत होते. जिल्ह्याची निवड तीन महिन्यांवर होती.

"खेळ सोड," संपत म्हणाला.

ती दोन दिवस नीट जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी मी तो साचा कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये टाकून बघितला. फोनवर लाल अक्षरं आली, लाळ आढळली नाही. मग माझ्या डोक्यात आलं. मी साचा धुतला आणि माझ्याच खालच्या ओठाच्या कोपऱ्यात, गाल आणि हिरडीच्या खोबणीत सरकवला. फोनवर हिरवी खूण आली.

"छी आत्या," मैथिली म्हणाली, "तुझ्या तोंडातलं मी परत घालू?"

"उकळलेल्या पाण्याने धुऊन देईन. दोन तास तर ठेवायचंय. मी काही सराव करत नाही."

"तू बोलणार कशी दोन तास?"

"गप्प बसायला शिकेन. तुझी आई खूश होईल."

ती एवढी हसली की हात तोंडावर धरायचंही विसरली.

यंत्राला फसवलं जातंय हे कसं कळलं नाही, असं कुणीही विचारेल. बॅटरी वाचावी म्हणून ते लाळ कोणाची आहे हे फक्त पहिल्या दिवशी तपासत होतं. नंतर लाळ आहे की नाही एवढंच. आणि कंपनी बघायची ती फक्त पूर्ण दिवसाची बेरीज. दिवसाचे वीस तास लाळ मैथिलीची, दोन तास माझी. बेरजेत दोन्ही मिसळून जात होतं.

पण त्या खोबणीत मी दुसरंही काही ठेवत असे. ते आता लिहायलाच हवं. मी मिश्री लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि बोटाने दातांना लावायची. अकरा वर्षांची असताना माझी दाढ दुखली, तेव्हा आईनेच लावली होती. पुढे शिक्षिका झाले, फळ्यावर तंबाखूचे दुष्परिणाम लिहून दिले, मुलांकडून शपथा म्हणवून घेतल्या. पहाटे आणि दुपारी मोरीचं दार लावून बोट दातांवर फिरवत राहिले. घरात कुणाला माहीत नव्हतं, असं मी समजत होते.

*

तीन आठवड्यांनी, आम्ही जेवायला बसलेलो असताना संपतचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि ताट बाजूला सारलं.

"तुझ्या लाळेत तंबाखू सापडली म्हणतात," तो मैथिलीला म्हणाला. "कुणी दिली?"

"मी नाही खात, पप्पा."

"मग यंत्र खोटं बोलतं? त्या कबड्डीच्या पोरी खातात का?"

"नाही."

"तोंड वर कर. माझ्याकडे बघ."

तिने मान वर केली, पण आधी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, निमिषभर. मग खाली बघून म्हणाली, "मी नाही खात." तेव्हा मला कळलं की तिला मिश्रीचा वास फार पूर्वीच ओळखू आला होता.

मी बोलायला हवं होतं. माझ्यासमोर वरणभात होता आणि मी तो कालवत राहिले. रोहिणीने मैथिलीचं दप्तर जेवणघरात आणून उलटं केलं. कंपासपेटीत, वह्यांत, खिशात शोधलं. महिनाभर शाळेत सोडायला आणि आणायला संपत स्वतः जाणार, असं ठरलं.

रात्री मी मैथिलीच्या खोलीत गेले. "उद्या सांगते मी त्यांना," मी म्हटलं.

"सांगितलंस तर माझी प्रॅक्टिस बंद होईल," ती कुशीवर वळली. "तू फक्त ते लावू नको."

मी मिश्रीची डबी कचऱ्यात टाकली. साचा ठेवण्याआधी मिठाच्या पाण्याने पाच वेळा चुळा भरू लागले. दहा दिवसांनी फोनवर निरोप आला, तंबाखूचे अंश नाहीसे, अभिनंदन. संपतने येताना मैथिलीसाठी कंदी पेढे आणले. एक मलाही दिला. प्रश्न सुटला असं मला वाटलं. मी विज्ञानाची शिक्षिका. तंबाखू चुळेने धुऊन जाते आणि पेशी जात नाही, एवढं मला सुचायला हवं होतं.

*

दुसरा निरोप आठव्या आठवड्यात आला. त्यात अभिनंदन नव्हतं. "विमेदार मैथिली संपत साळुंखे, वय १३. तोंडातील पेशींमध्ये गंभीर बदलाची पूर्वचिन्हे. श्रेणी दोन. सात दिवसांच्या आत तपासणी बंधनकारक."

रोहिणीने तो तीन वेळा वाचला. मग ओट्याला धरून उभी राहिली.

जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात मैथिलीच्या गालाच्या आतून तुकडा काढला. रोहिणी आत होती. मी बाहेर बाकावर बसले होते. आतून मैथिलीचा एकदाच आवाज आला, आणि मग आला नाही. मी स्वतःला समजावत होते. यंत्र तंबाखूने गोंधळलं असेल. आता कळेलच काही नाही म्हणून. बोटं एकमेकांत घट्ट गुंतवून बसले होते, आणि नकळत जीभ सारखी त्या खोबणीकडे जात होती. तिथे दोन वर्षांपासून खरखरीत लागायचं. तिखट खाल्लं की झोंबायचं.

तुकड्यात काही निघालं नाही. आम्ही सुटलो असं वाटलं, एक दिवस. मग कंपनीचं उत्तर आलं. पूर्वचिन्हे तुकड्याआधी दिसतात, नमुना चुकीच्या जागेचा असू शकतो, म्हणून प्रतिबंधक गोळ्या सहा महिने सुरू कराव्यात. पंधरा दिवसांत सुरू न केल्यास संरक्षण स्थगित.

"या गोळ्या पेशींची वाढ रोखतात," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. त्या दिवशी त्या हसत नव्हत्या. "मोठ्या माणसाला ठीक आहे. हिचं वाढीचं वय आहे. उंची थांबू शकते, पाळीवर परिणाम होऊ शकतो."

"नाही दिल्या तर?" रोहिणीने विचारलं.

"पॉलिसी जाईल. आणि दिल्या, नाही दिल्या, तरी हिच्या नावावर ही नोंद राहील. पुढे कुठेही विमा काढायला गेली, नोकरीच्या तपासणीला गेली, की पहिली हीच ओळ दिसेल."

मैथिली जिभेने टाका चाचपत होती. तिच्या आईने तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

*

टाक्यामुळे दहा दिवस सराव बंद होता. अकराव्या दिवशी दुपारी मैथिली फोन घेऊन माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"आत्या, हे बघ."

पडद्यावर मोजणीची रेघ होती. दोन महिने चढत गेलेली, आणि गेले दहा दिवस जमिनीला टेकलेली.

"आईला वाटतंय तिच्या उपासांनी झालं," ती म्हणाली. "गोळ्या तर अजून आल्या पण नाहीत."

मी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "यंत्र कधीकधी…"

"टाका घातल्यापासून मी तुला साचा दिला नाही."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. वर्गात एखादं मूल उत्तर देतं आणि बरोबर असूनही ते आपल्याला ऐकायचं नसतं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"तू कुणाला सांगू नको," ती भराभर बोलू लागली. "मी गोळ्या घेते. उंची काय, मी तशी पण उंच आहे. निवडीला पुढच्या वर्षी जाईन. पण तू दवाखान्यात जा. एकटी जा, दुसऱ्या गावात जा, मी कुणाला बोलणार नाही. जाशील ना?"

तेरा वर्षांची मुलगी माझ्या एका सवयीसाठी स्वतःची उंची देऊ करत होती. मी तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी मी संपतला आणि रोहिणीला समोर बसवलं. सगळं सांगितलं. मिश्रीपासून सुरुवात केली, कारण तेच सर्वांत अवघड होतं.

रोहिणीने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "टाका घालताना तिने माझा हात धरला होता. तुम्ही बाहेर बाकावर होता."

"हो," मी म्हटलं.

"तंबाखूवरून मी तिचं दप्तर उलटं केलं. तेव्हा तुम्ही भात कालवत होता."

"हो."

संपत येरझाऱ्या घालत होता. "आक्का, थांब. जरा डोक्याने घेऊ. रेघ खाली आलीच आहे ना? साचा आता फक्त तिच्या तोंडात राहील. गोळ्या आणू आणि मोरीत टाकू. दोन महिन्यांत कंपनी म्हणेल सुधारणा झाली. तुझं वेगळं तपासून घेऊ, याच पॉलिसीतून. काही निघालं तर उपचारही त्यातूनच. कुणाला काही सांगायची गरजच नाही."

"आणि हिच्या नावावरची ओळ?" रोहिणीने विचारलं.

"राहिली तर राहिली. ओळच आहे."

"लग्नाचं बघताना, नोकरीला लागताना, बाळंतपणात, प्रत्येक वेळी ओळच आहे म्हणून सांगायचं का तिने?"

"अगं मग काय करू?" त्याचा आवाज फाटला. "खरं सांगितलं की फसवणूक म्हणून चौघांची पॉलिसी त्याच मिनिटाला जाते. आणि आक्काचं उद्या ऑपरेशन निघालं तर मी ते कशातून करू? तिला मरू देऊ?"

तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्याला लिहायला मी शिकवलं होतं. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, हीच भीती होती. त्यात माझा जीव वाचत होता.

"संपत," मी म्हटलं, "तो निरोप माझा आहे. माझ्या नावावर येऊ दे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मैथिली डॉक्टर मुजावरांकडे गेलो. तिचा टाका तपासायचाच होता. संपत आला नाही. रोहिणी दारापर्यंत आली आणि माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन आत गेली.

मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग टेबलावरचा पडदा माझ्याकडे फिरवला.

"तासातासाची नोंदही कंपनीकडे पडून असते, कुणी बघत नाही," त्या म्हणाल्या. "ती मागवली की कुठल्या तासांना लाळ बदलते ते दिसेल आणि मैथिलीची नोंद पुसली जाईल. पण मागवण्यासाठी हे निवेदन द्यावं लागतं. नीट वाचा, बाई."

मी वाचलं. नमुना दुसऱ्या व्यक्तीचा असल्याचे मी मान्य करते. या क्षणापासून कुटुंबाचे संरक्षण रद्द होईल हे मला समजले आहे. सदर निदान संबंधित व्यक्तीच्या नावे कायम नोंदवले जाईल.

"एकदा अंगठा लावला की मागे घेता येत नाही."

मी अंगठा लावला. पडद्यावर गोल फिरला आणि नोंद उघडली. अठ्ठावन्न दिवसांच्या अठ्ठावन्न रेघा. बाकीचे तास सगळे सपाट, आणि संध्याकाळी पाच ते सात उंचवटा. पहिल्या दिवसांत लहान, शेवटी शेवटी मोठा. मैथिली माझ्या खांद्यावरून बघत होती.

"वाढतोय," ती हळूच म्हणाली.

वरच्या कोपऱ्यातलं तिचं नाव गेलं. तिथे माझं नाव आलं, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. लगेच दुसरा निरोप आला, पॉलिसी रद्द झाल्याचा. तिसरा निरोप, पुढचे साचे पाठवले जाणार नाहीत.

"हिला आपण तारा लावू," डॉक्टर म्हणाल्या. "पैशाचं संपतरावांशी बोलेन मी. अर्धवट सरकलेले दात सोडून चालणार नाही. ये गं, आधी तू बस."

तपासताना त्या सारख्या बोलत होत्या. टाका छान भरलाय, सर ओरडतात का फार, तुमच्या संघात उजव्या कोपऱ्याला कोण असतं. मैथिली तोंड उघडं ठेवून हुं हुं करत होती. मग ती उतरली आणि डॉक्टरांनी माझ्याकडे बघून खुर्चीवर हात थोपटला.

"याचे पैसे नाहीत. बसा."

खुर्ची मागे झुकली. दिवा डोळ्यांवर आला. "बाई, कुठल्या शाळेत होता तुम्ही? भाळवणीला ना? माझ्या चुलतबहिणीला होता तुम्ही, रुकय्या, ती अजून सांगते, मुजावर म्हटलं की तुम्ही तिला…" आरशाने त्यांनी माझा खालचा ओठ बाजूला केला. गाल ताणला.

आणि त्या बोलायच्या थांबल्या.

मी छताकडे बघत आकडे मोजत होते. सतरापर्यंत मोजले. हातमोज्यातलं बोट त्या खरखरीत जागेवर आलं, थांबलं, कडेने फिरलं, मग खाली जबड्याखाली मानेत दाबून काहीतरी शोधू लागलं. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं.

"मैथिली," डॉक्टर वळून न बघता म्हणाल्या, "बेटा, तू जरा बाहेर बसतेस का?"

तोंडात आरसा होता. मला बोलता येत नव्हतं. मी हात वर केला आणि नको म्हणून हलवला. मग तोच हात मैथिलीकडे करून तिला जवळ बोलावलं.

ती आली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यांनी दिवा थोडा खाली केला. मैथिली माझ्यावर वाकली. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. इतकी वर्षं मोरीचं दार लावून लपवलेली जागा ती नीट, सावकाश बघत होती.

"पांढरं आहे," ती म्हणाली. "मध्ये लाल." मग माझ्या डोळ्यांत बघून, "दुखतं का गं?"

मी मान हलवली. नाही.

तिने डॉक्टरांना विचारलं, "दुखत नाही म्हणजे चांगलं ना?"

त्यांनी ट्रेमधून लहान चिमटा उचलला. मैथिलीने माझा हात शोधला आणि दोन्ही हातांनी धरला.